तेरा गुरुवार

“मास्तर, पोलीसपाटलांना बोलवा! खाली नदीत बायकांची मारामारी होणार!”

रेडिओचे आगटे साहेब धापा टाकत शाळेच्या ओट्यावर चढले, तेव्हा मी निवांत टरबूज खात बसलो होतो. साहेब मोठ्या शहरातून आमच्याकडे शेतकऱ्यांच्या मुलाखती घ्यायला आले होते. आले ते नेमके आखाजीच्या दिवशी. अक्षय तृतीयेला आमच्या खानदेशात शेतकरी शेतात नसतो, पत्ते कुटत बसलेला असतो. एकही मुलाखत न मिळाल्याने साहेब नदीवर वारा खायला गेले आणि घाबरून परत आले.

“एक बाई ओरडतेय, तुझ्या सासऱ्याच्या मिशीला तूप...”

“आणि घरात दाळीला फोडणी नाही,” मी वाक्य पुरं केलं. “ती आमची भिकुबाई. आज रंगात आहे. या, टरबूज घ्या.”

साहेबांना घेऊन मी काठावरच्या बाभळींपाशी गेलो. एप्रिलमधली तापी म्हणजे कोसभर वाळू आणि मध्ये पाण्याची एक धार. धारेच्या अलीकडे आमच्या गावच्या बाया, पलीकडे समोरच्या गावच्या. आमच्याकडे या दोन गावांना नावाने कोणी हाक मारत नाही. आम्ही अल्याड, ते पल्याड. आखाजीला माहेरवाशिणी आल्या की दोन्हीकडच्या बाया नदीत उतरतात आणि एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात. याला बार खेळणं म्हणतात. पुरुषांनी खाली जायचं नाही. बाभळीआड उभं राहून ऐकायचं नाही असाही नियम आहे, पण तो आजवर कोणी पाळलेला नाही.

“तुन्ही जीभ उसनी दे वं भिके, आमनं खयं झाडानं शे!” पल्याडच्या शांतीबाईने हात नाचवला. शांतीबाई उंच, हडकुळी, बांबूसारखी.

भिकुबाई बुटकी. तिने कमरेवर हात ठेवले. “खयं झाडाले पहिले दाना ते पिकाडा!”

दोन्ही काठ फुटल्यासारखे हसले. पल्याडच्या बायाही हसल्या, कारण त्यांच्या खळ्यात त्या वर्षी खरोखरच दाणा नव्हता. आगटे साहेब बाभळीला धरून इतके हसले की त्यांच्या सदऱ्यात काटे अडकले. चांगला माणूस होता. त्याला पाच मिनिटांत सगळं कळलं.

मी छगनगुरुजी. शाळा माझ्याकडे आणि शाळेतच एका पेटीत गावचं पोस्ट. ही गोष्ट १९६० सालची. भिकुबाई तेव्हा चाळिशीला टेकलेली, आपल्या भावाकडे, भिलाकडे राहायची. कापूस वेचायची, निंदणीला जायची. एकोणिसाव्या वर्षी तिला धानोऱ्याच्या नवऱ्याने टाकली होती. कारण एकच, तोंडाळ आहे. सासूला उलट बोलली, सासऱ्याला बोलली, एकदा जमादारालाही बोलली. नवऱ्याने बैलगाडीत बसवून आणून सोडली आणि वेशीवरूनच गाडी वळवली. त्याने दुसरं लग्न केलं नाही आणि हिला नेलंही नाही. वीस वर्षं गाव तिला एकच सांगत होतं, बाईमाणसाने तोंड आवरावं. आखाजीचा एक दिवस सोडून. त्या दिवशी तेच गाव तिला हाताला धरून सगळ्यांत पुढे उभं करायचं.

साहेबांनी त्या दोघींना रेडिओवर बोलवायचं ठरवलं. पंधरा मिनिटांचा कार्यक्रम, दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता. नाव ‘अल्याड-पल्याड’. दर खेपेला एक नवं भांडण, नवी गंमत. आधी सहा भाग. श्रोत्यांची पत्रं भरपूर आली तर तेरा.

“पण शिव्या सभ्य हव्यात हं,” साहेबांनी भिकुबाईला सांगितलं. “तुम्हाला सुचतं कसं हो हे?”

“साहेब, शिवी देनं सोपं नही,” भिकुबाई गंभीरपणे म्हणाली. “पहिले त्या माणूसले नीट पाहानं पडस. काय खास, कसं चालस, कोनले भ्यास. मंग शिवी आपेआप तोंडमा येस.”

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं.

दिवाळीनंतर बोलावणं आलं. दोघी आणि त्यांच्यासोबत मी, असे बैलगाडीने दोंडाईचाला गेलो आणि तिथून आगगाडीत बसलो. रस्ताभर दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नाहीत. म्हणे, आधीच बोललं तर भांडण शिळं होतं. रेडिओच्या इमारतीत त्यांना एका खोलीत एकाच मायक्रोफोनसमोर उभं केलं. मी काचेच्या अलीकडे. मला दोघींचे चेहरे तेवढे दिसत होते. भिकुबाईचा चेहरा राखेसारखा झालेला. मला वाटलं, संपलं. आता ही नमस्कार म्हणेल आणि रडेल.

दिवा लागला. भिकुबाईने शांतीबाईकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाली, “काय वं, पल्याडना लोके खांब पुराले निंघनात का तुले उभी करीसन?”

माझ्या शेजारचा तंत्रज्ञ आपली बटणं सोडून पोट धरून बसला. दोन दिवसांत चार भाग झाले. नव्या किलोच्या वजनावरून भांडण, नदी ओलांडून गेलेल्या कोंबडीवरून भांडण, वरातीत रुसलेल्या बैलावरून भांडण, डांगराच्या वाडीवरून भांडण. परत येताना शांतीबाईच्या डाव्या हातावर लाल वळ दिसले. मी विचारलं तर बांगडी फुटली म्हणाली.

पहिल्या गुरुवारी आमच्या चावडीत मुंगी शिरायला जागा नव्हती. ग्रामपंचायतीचा रेडिओ बॅटरीवर चालायचा आणि त्याचा कान पिळायचा मान शिपाई उदेसिंगचा. बॅटरी पुरावी म्हणून तो पठ्ठ्या तीन दिवस बातम्यासुद्धा लावत नव्हता. देश चालेल त्याच्या त्याच्या पायांनी, पण भिकुबाई अर्ध्यात बंद पडायला नको, असं त्याचं म्हणणं.

सात वाजले. खरखर झाली. आणि त्या लाकडी पेटीतून आमच्या नदीवरचा आवाज आला, “ए शांते!”

काय सांगू! म्हातारी माणसं उठून उभी राहिली. बाया एकमेकींना चिमटे काढायला लागल्या. मी आजवर रेडिओवर मंत्र्यांची भाषणं ऐकली होती, पण आमची बोली त्या पेटीतून कधी आली नव्हती. शे, व्हतं, मन्हा, तुन्हा हे शब्द मी शाळेत मुलांच्या तोंडून छडी दाखवून पुसत होतो, आणि ते आता सगळ्या महाराष्ट्रभर चालले होते! मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला. भिकुबाई स्वतः मागे दाराच्या उंबऱ्यावर बसली होती. हसत नव्हती. आपलाच आवाज मान तिरपी करून तपासत होती.

दुसऱ्या गुरुवारनंतर धानोऱ्याच्या बाजारातून भिला धावतच आला. “बाई, तुन्हा नवरा व्हता चावडीवर! खांबना मांगे उभा ऱ्हाईसन ऐकी ऱ्हायंता! पुरा पंधरा मिनिटं!”

भिकुबाईच्या हातातली भाकर थापायची थांबली. मग ती पुन्हा थापायला लागली, जरा जोरात. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली.

“गुरुजी, ज्या जीभकरता मले काढी दिधं, तीच जीभ त्याले खांबना मांगे उभी करी ऱ्हायनी. तेरा व्हवाले पाहिजेत. तेरा गुरुवार उभा ऱ्हावू द्या त्याले.”

एवढंच तिचं मागणं होतं. नवऱ्याने यावं, माफी मागावी, घेऊन जावं, असलं काही नाही. तेरा वेळा ऐकावं.

तिसऱ्या भागाच्या शेवटी निवेदिका गोड आवाजात म्हणाली, “श्रोतेहो, हा कार्यक्रम आपणांस कसा वाटला, ते आम्हाला पत्राने जरूर कळवा.” झालं! सहाचे तेरा करायचे म्हणजे पत्रं हवीत, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टाची पेटी उघडायच्या आत रांग लागली.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बारात कोणी कोणाला ‘छान’ म्हणत नाही. छान म्हणणं म्हणजे हरणं, किंवा त्याहून वाईट, समोरचीची कीव करणं. झकास शिवी ऐकली की तिला तितकीच झकास शिवी परत द्यायची. हीच दाद, हाच मान. भिकुबाईवर गावाचा जीव जडला होता, म्हणून गाव मनापासून कामाला लागलं.

“लिखा गुरुजी,” उदेसिंगने सुरुवात केली. “ह्या बाईना तोंडले झाकण नही. तिना आवाज ऐकीसन मन्ही म्हैसनं दूध आटनं.”

लोकांनी टाळ्या पिटल्या. मी टाक बुडवला. पण पत्र म्हटलं की माझ्या हातून शुद्ध मराठीच उतरायची. मी लिहिलं, ‘सदर बाईच्या तोंडास झाकण नाही. तिचा आवाज ऐकून माझ्या म्हशीचे दूध आटले आहे. तरी योग्य ती दखल घ्यावी. कळावे, आपला नम्र.’

“मन्हं लिखा,” शेजारची शोभाबाई म्हणाली. “तिले परत आमना गावले धाडू नका. तठेच दावणले बांधी ठेवा!”

एरवी चारचौघांत मुका असलेला भिलाही पुढे आला. “वीस वरीस हाई तोंड मी ऐकी ऱ्हायनू. आते तुम्ही ऐका.” हे सांगताना त्याचे डोळे भरले होते. मी लिहिलं, ‘गेली वीस वर्षे हा त्रास सोसत आहे.’

दोन दिवसांत मी त्रेसष्ट कार्डं लिहिली. बोटं काळी झाली. चौसष्टावं माझं स्वतःचं, आणि ते सगळ्यांत जहाल: ‘असा कार्यक्रम ऐकण्यापेक्षा कानात तापलेले शिसे ओतून घेतलेले बरे.’ ते लिहून झाल्यावर मी खूश होऊन वाचून दाखवलं आणि गावाने मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. पल्याडच्या मास्तराने शांतीबाईसाठी त्रेचाळीस लिहिली. मी बत्तीस वर्षं नोकरी केली. एवढा आनंद मला पगाराच्या दिवशीसुद्धा झाला नाही.

चौथा गुरुवार दणक्यात गेला. पाचव्या गुरुवारी सगळे सहा वाजल्यापासूनच जमले. पाचवा आणि सहावा भाग म्हणे रेडिओवाले थेट करणार, बोलावणं मात्र आलेलं नव्हतं. उदेसिंग म्हणाला, कदाचित गुपचूप आधीच करून ठेवला असेल.

सात वाजले. खरखर झाली. एक गृहस्थ अमोनियम सल्फेटविषयी बोलायला लागले.

लोक हसायला लागले. सगळ्यांना वाटलं, नवी गंमत आहे, आता भिकुबाई मध्येच घुसून याची हजामत करणार. “आते येई पहाय,” शोभाबाई कुजबुजली. ‘एकरी दोन पोती,’ गृहस्थ म्हणाले आणि चावडी खदखदली. ‘पेरणीपूर्वी द्यावे,’ ते म्हणाले. पुन्हा हशा, थोडा कमी. पंधरा मिनिटं आम्ही वाट पाहिली. गृहस्थ नमस्कार म्हणून निघून गेले. उदेसिंगने रेडिओ बंद केला, पण कोणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी टपालात लिफाफा आला. भिकुबाई शेतातून ओटीत कापूस घेऊन तशीच आली आणि ओट्यावर बसली. मी वाचून दाखवलं. ‘ग्रामीण श्रोत्यांकडून एकशेसात निषेधपत्रे आली असून त्यांच्या भावना लक्षात घेता ‘अल्याड-पल्याड’ हा कार्यक्रम तात्काळ बंद करण्यात येत आहे.’ खाली सही कुठल्यातरी नव्या साहेबांची होती. आगटे साहेबांची महिन्यापूर्वीच बदली झाली होती. आम्हाला ओळखणारा तिथे तो एकच माणूस होता.

भिकुबाईचे डोळे मोठे झाले.

“एकशेसात? मन्हाकरता एकशेसात माणसंनी कार्ड लिखं?”

“भिकुबाई, घात झाला. ती कार्डं मी लिहिली. माझ्या हाताने.”

“मले माहीत शे. बठा गावमा लिखता कोनले येस?”

ती ओटीतलं एकेक बोंड काढून त्यातली काडी वेचत राहिली. मला ते बघवेना. मी कोरं कार्ड काढलं. “सांगा तुम्ही. या साहेबाला असं सणसणीत लिहू की जन्मभर आठवण राहील.”

तिने कार्ड हातात घेतलं, उलटंपालटं केलं. मग परत दिलं.

“नही गुरुजी. सही करनारा साहेबले मी कधी पाहयं नही. नीट पाह्याबिगर शिवी कशी देवानी?” आणि उठता उठता म्हणाली, “चारच व्हयनात.”

मी तरीही सविस्तर खुलासा पाठवला. उत्तर आलं की वेळापत्रक ठरून गेलं आहे. ती वेळ खतांना दिली होती.

गावाला कळलं तेव्हा घराघरांत सुतक पडल्यासारखं झालं. भिकुबाईच्या वाटेतून लोक बाजूला व्हायला लागले. बाया तिला आपणहून ताजं ताक आणून द्यायच्या. ती जितकी चिडायची तितका त्यांचा स्वर गोड व्हायचा. आणि पुढच्या आखाजीला दोन्ही गावच्या बायांनी परस्पर ठरवून टाकलं, यंदा भिकुबाईला कोणी वाईट बोलायचं नाही. बिचारीने फार सोसलं.

मी बाभळीआड उभा होतो. भिकुबाई वाळूत पुढे झाली, कमरेवर हात ठेवले. “काय वं पल्याडन्या! दात पडनात का?”

पल्याड गप्प. अल्याडही गप्प. पाण्याच्या धारेचा आवाज येत होता, एवढी शांतता. भिकुबाईने मागे वळून आपल्या बायांकडे बघितलं. त्या वाळूकडे बघत होत्या. नवऱ्याने टाकलेली होती, रेडिओही गेला होता, पण तोवर तिचे खांदे पडलेले मी पाहिले नव्हते. तेव्हा पाहिले.

एवढ्यात शांतीबाई लुगडं खोचून सरळ पाण्यात उतरली.

“ए भिके! वाघीण बनीसन कोनले दखाडस? रेडिओना डबडासमोर मन्हा हात धरीसन थरथर कापी ऱ्हायनी व्हती! हाऊ पहाय, तुन्हा नखंना वळ आजून गया नही!”

तिने डावा हात वर धरला. मला काचेआडून जे दिसलं नव्हतं, ते सहा महिन्यांनी दिसलं.

भिकुबाईने पदराने डोळे पुसले. “हात कशाले धरा माहीत शे का तुले? तू भ्याईसन पयी जाशी म्हनीसन!”

मग जो कल्ला उठला! उदेसिंगने टोपी उडवली, मी टाळ्या पिटल्या. दोन्हीकडच्या बायांनी कोंडलेलं वर्षभराचं तोंड सोडलं आणि भिकुबाईला इतक्या शिव्या दिल्या की तिला कोणाला आधी उत्तर देऊ असं झालं. ती नुसती फुलली होती. त्याच गडबडीत माझ्या मागच्या बाभळीआड कोणी खोकलं. वळून बघितलं तर एक परका माणूस, पांढरं पागोटं, धुळीने भरलेले जोडे.

“रेडिओवर परत कधी शे हो?” त्याने मला विचारलं.

“बंद झालं ते. आता दर आखाजीला इथेच.”

त्याने मान हलवली. बार संपेपर्यंत थांबला आणि खाली न बघता धानोऱ्याच्या वाटेला लागला. त्यानंतर तो दर आखाजीला येत राहिला. खोकला वाढत गेला, पाठ वाकत गेली, बाभूळ तीच. मी भिकुबाईला कधी सांगितलं नाही. सांगितलं तर ती त्याच्यापुढे संकोचेल, असं मला वाटायचं. बत्तीस वर्षं मास्तरकी करूनही माणूस किती मूर्ख राहू शकतो बघा.

१९६९च्या हिवाळ्यात धानोऱ्याहून भिलाच्या नावे कार्ड आलं. कोपरा फाडलेला होता, म्हणजे मयताचं कार्ड, हे वाचायच्या आधीच कळलं. मी भिकुबाईला बोलावलं. ती वेचलेला कापूस ओटीत घेऊन त्याच ओट्यावर बसली. मी वाचलं.

“गुरुजी, आखाज्या किती व्हयन्यात?”

“कसल्या आखाज्या?”

“तो बाभयमांगे उभा ऱ्हाये त्या. त्याना खोकला मी वळखस नही का?”

मी बोटांवर मोजलं. “नऊ.”

“अन चार गुरुवार.”

तिने कपाळावरचं कुंकू पदराने सावकाश पुसलं, कोपरा फाटलेलं कार्ड घडी न घालता ओटीत कापसावर ठेवलं, आणि म्हणाली, “तेरा भरनात.”